निर्जळ उपास आणि माझा उजवा कान

कानाचं दुखणं तसं गरीब. प्लास्टर नाही, टाके नाहीत, भेटायला आलेल्याला दाखवायला काही नाही. 'कान दुखतोय' म्हटलं की लोक 'हं' करतात आणि लगेच स्वतःच्या गुडघ्यांवर येतात. म्हणून हे लिहायला घेतलं. विमानात कान बसलेलं, फुटलेलं, किंवा त्या भीतीनं लेकीकडं जायचं टाळणारं कुणी असेल, तर त्यांना कळावं की आपल्यासारखी आणखी एक बाई लातुरात आहे.

मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. उदगीर लागली का, निलंग्याची गेली का, देगलूरची आज येणार का, हे दिवसभर ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. म्हणजे माझी भाकरी कानावर आहे. डोळे अधू झाले तर चष्मा लावून चाललं असतं, पण त्या गलक्यात कान नसेल तर खिडकीत बसण्यात काही अर्थ नाही.

पहिलं विमान

आमची लेक प्राजक्ता बंगळूरला असते. दोघा नवराबायकोनं स्वतःचं घर घेतलं आणि त्या घरात पहिला गणपती बसणार होता. आमच्याकडं महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी बसतात, त्यामुळं मी मोकळी होते. जावयांनी हौसेनं नांदेडहून विमानाची तिकिटं काढली, ती नेमकी हरतालिकेच्या दिवसाची. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

हरतालिका मी निर्जळ धरते. त्याला कारण आहे. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले होते, अंगात उठून बसायचंसुद्धा बळ नव्हतं. त्या वर्षी मी पहिल्यांदा पाण्याचा थेंब न घेता हरतालिका केली आणि पुढं ते बरे झाले. डॉक्टरांच्या औषधानं झाले, हे मलाही कळतं. पण पुढच्या वर्षी पाणी प्यायची हिंमत झाली नाही ती नाहीच, आणि मग ते तसंच चालत आलं.

त्यातून मला पडसं झालेलं होतं. नाक गच्च, कपाळ जड. सकाळी वाळूची पिंड केली, पत्री वाहिली आणि तशीच निघाले. प्राजक्तानं ह्यांना फोनवर बजावलं होतं की विमान उतरताना आईला काहीतरी चघळायला द्या, पाणी प्यायला लावा. ह्यांनी खिशातून लिंबाच्या गोळ्या काढल्या, मी हात झिडकारला. उपासाला गोळी कसली देता, मी म्हणाले. ज्यांच्या आयुष्यासाठी मी तहानलेली बसले होते ते शेजारी बसून दोन गोळ्या एकदम तोंडात टाकून खिडकीतून ढग बघत होते.

विमान खाली यायला लागलं तसं उजव्या कानात काहीतरी भरायला लागलं. कुणी कानात हरभरा घालून तो तिथंच भिजत ठेवावा, तसं. तो फुगतच गेला. कपाळ, दाढा, डोळ्यामागची जागा, सगळं एकत्र ठणकायला लागलं. गिळायचा प्रयत्न केला, पण सकाळपासून कोरड्या तोंडात गिळायला होतं काय? शेवटी आत फट्‌ झालं, कळ एकदम कमी आली आणि कानातून काहीतरी ओलं गालावर आलं. पदरानं पुसलं तर पाण्यात रक्त होतं.

ते बघून ह्यांचा चेहरा पांढरा पडला. आमच्या पिढीत चारचौघांत बायकोचा हात धरायची रीत नाही. त्या दिवशी त्यांनी तो विमानात धरला, तो प्राजक्ताच्या दारात सोडला.

लसणाचं तेल

गणपती बसला, मोदक झाले, मी डाव्या कानानं आरती ऐकली. दुखणं कमी झालं होतं, म्हणून बंगळूरच्या डॉक्टरकडं जायचं मीच टाळलं. लेकीच्या नव्या घरात सणाच्या दिवशी दवाखाना नको, असं वाटलं. परत येताना मात्र विमानाचं नाव काढलं नाही. तिकीट रद्द करून रेल्वेनं आलो.

पुढं थोड्याच दिवसांनी मुदखेडला भावाच्या घरी सत्यनारायण होता. कान अजून बंदच होता. वहिनीनं बघितलं, की मी सगळ्यांकडं डावी बाजू करून बसते. तिचा माझ्यावर फार जीव. तिनं लगेच कढल्यात लसूण टाकून तेल कडवलं, कोमट केलं, मला मांडीवर आडवं घेतलं आणि चांगलं कानभरून घातलं. वर कापूस लावला आणि ओव्याच्या पुरचुंडीनं शेकत बसली. आमच्याकडं कान दुखला की हेच करतात. माझ्या आईनं केलं, मी माझ्या लेकीला केलं. त्या मांडीवर मला इतकं बरं वाटलं की झोपच लागली.

दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि कान वाहायला लागला. वास यायला लागला. भावानं गाडी काढली आणि आम्ही नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं गेलो.

पडद्यावरचा पडदा

डॉक्टर बाई तरुण होत्या, आडनाव शेख. दुर्बीण कानात घातली आणि समोरच्या पडद्यावर माझाच कान दाखवला. आपला कान आतून असा दिसतो हे मी पन्नाशी ओलांडल्यावर बघितलं. पांढुरक्या पातळ पापुद्र्यात एक भोक, कडेनं लाल, आणि सगळीकडं तेलाचा तवंग.

"तेल कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

वहिनी दारातच उभी होती. ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मी म्हणाले, मीच घातलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

त्यांनी मला फार सोपं करून सांगितलं. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी जाते. विमान उतरताना कानाला आतून हवा लागते, ती ह्या नळीतून जाते. आपण गिळतो तेव्हा नळी उघडते. तुमचं नाक सर्दीनं बंद, तोंड कोरडं, गिळणं नाही. मग हवा जायची कुठून? बाहेरच्या दाबानं पडदा आत ढकलला गेला आणि फाटला. फाटल्या पडद्यावर तेल गेलं आणि आत पिकलं.

पाणी का नाही पिलात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला खाली बघावं लागलं. हरतालिका होती, मी म्हणाले. आता ही शिकलेली मुलगी मला झापणार, असं वाटलं. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"माझी अम्मी पण रोज्यात अशीच. प्रवासात सूट असते, तरी घेत नाही. तुम्हाला मी काय सांगू?"

आणि मग सांगितलंच. कानात पाण्याचा, तेलाचा थेंब नको. जोरात नाक शिंकरायचं नाही. पडदा बहुतेक आपोआप भरेल, वेळ लागेल, वाट बघायची. तोवर विमान नाही. आणि पडदा पुन्हा फाटला तर ह्या कानाचं ऐकणं पहिल्यासारखं येईलच, असं त्या सांगू शकत नव्हत्या. बाहेर आले तर वहिनी रडून रडून नाक लाल करून बसलेली. मी तिच्याशेजारी बसले, तिला म्हणाले की तुझ्या मांडीवर मला किती दिवसांनी झोप लागली होती, ते तेवढं खरं. येताना आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला.

खिडकीत एका कानानं

मग सुरू झालं ते खरं आजारपण. दुखणं संपलं होतं, राहिला होता बंद कान. आत दिवसभर समुद्र चालल्यासारखा आवाज. खिडकीपुढं पाच जण एकदम बोलायचे आणि मला त्यातलं एकही नीट लागायचं नाही. मी डावा कान पुढं करायची, लोकांना वाटायचं बाई तोंड फिरवते. एकदा एका म्हाताऱ्यानं शिरूरची गाडी विचारली. आमच्याकडं शिरूर एक नाही, अनंतपाळ वेगळं आणि ताजबंद वेगळं. कोणतं शिरूर, म्हणून मी चार वेळा विचारलं, तर ते रागावून म्हणाले, असू दे बाई, आम्ही चालत जातो.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत रडले. हा कान असाच राहिला तर? नोकरीची काही वर्षं उरली होती. माझ्याबरोबर कामाला रज्जाकभाई आहेत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लातुरातलं, वडील इथंच तांगा चालवायचे. त्यांनी डबा उघडता उघडता सांगितलं, "ताई, तुम्ही समोरच्याच्या तोंडाकडं बघा. बाकी कानाचं काम मी करतो की." आणि खरोखर त्यांनी आपली खुर्ची माझ्या उजव्या अंगाला आणून ठेवली. लोक विचारायचे, ते माझ्यासाठी पुन्हा एकदा सावकाश म्हणायचे, मी उत्तर द्यायची. कुणाला काही कळलं नाही.

घरी मात्र धुसफूस होती. ह्यांचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आहे. भांडी आपटून आपटून आवाज असा झालाय की दबक्या आवाजात बोलणं त्यांना जमत नाही. बंद कानाला तेवढं बरं होतं. पण त्यांनी एक दिवस जाहीर केलं की इथून पुढं ह्या घरात निर्जळ उपास बंद. मी म्हणाले, माझा उपास आहे, मी बघेन. ते म्हणाले, माझ्यासाठी आहे ना, मग मला विचार. आम्ही दोन दिवस बोललो नाही. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या मधल्या खोलीत बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत होत्या आणि त्यांना त्यात मजा येत असावी.

पण त्या अबोल्यातसुद्धा मी न्हायला निघाले की हे व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घेऊन न्हाणीच्या दारात उभे. स्वतः कानात बसवायचे, बोटानं दाबून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. रस्त्यानं चालताना माझ्या डाव्या हाताला चालायचे. आम्ही संध्याकाळी भाजी आणायला जायचो तेव्हा एकदा चुकून उजवीकडं आले, तर अर्ध्या रस्त्यात वळसा घालून जागा बदलली. असा माणूस असला की भांडण फार दिवस टिकवता येत नाही.

थंडी सरता सरता पडदा भरला. डॉक्टर शेख बाईंनी पडद्यावर दाखवला, गुलाबीसर आणि अखंड. ऐकू यायला लागलं, अगदी पहिल्यासारखं नाही, पण खिडकीपुरतं भरपूर. रज्जाकभाईंनी खुर्ची जागेवर नेली. मी मनात ठरवलं होतं की आता विमान नाही. बंगळूरला रेल्वे जाते.

पुन्हा तोच दिवस

मग कळलं, प्राजक्ताला दिवस राहिलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं रक्तदाबाचं काही निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. तारीख गणपतीनंतरची होती. मी रजा टाकली, रेल्वेचं तिकीट काढलं, डिंकाचे लाडू केले.

हरतालिकेच्या सकाळी माझी पूजा नुकतीच झाली होती आणि जावयांचा फोन आला. तपासणीत बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं निघालं, डॉक्टर उद्या सकाळीच सिझर करणार. प्राजक्तानं फोन घेतला. ती एरवी खंबीर पोरगी, पण तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "आई, तू ये. कशीपण ये."

रेल्वेनं पोचणं शक्य नव्हतं. नांदेडहून दुपारचं विमान होतं आणि त्यात जागा होती. मला दोन दिवसांपासून शिंका येत होत्या.

नांदेडला डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, नाक अगदी बंद नसेल तर जा, नाकातले थेंब सांगते, वाफ घ्या, आणि विमान उतरायला लागल्यापासून घोट घोट पाणी पीत राहा. उपास असेल तर तो आज नाही. मी फोन ठेवला आणि देवघरासमोर बसले. कान जाईल ही भीती होती, लेक वाट बघतेय हे दिसत होतं, आणि तरी पाण्याचा घोट घ्यायचा म्हटलं की डोळ्यांपुढं ह्यांचे ते हळदीसारखे डोळे यायचे. हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नव्हतं. मी रडत होते.

आत्याबाई काठी टेकत आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. ही हरतालिका मला त्यांनीच शिकवली.

"विलास माझा बी हाय की," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचं आयुष्य तुझ्या घोटभर पाण्यावर टांगलंय व्हय? माझ्या नातीला आज आई पायजे. जा, आन्‌ पाणी पी."

हे दारात चहाचा कप घेऊन उभे होते. सगळं ऐकलं. कप ओट्यावर ठेवला आणि गाडीवाल्याला फोन करायला गेले. घाईत चहा तसाच राहिला, असं मला वाटलं.

विमान खाली येताना

रस्त्यात गाडीवाल्यानं चहाला गाडी थांबवली. हे उतरले नाहीत. तासाला चहा लागणारा माणूस, म्हणाला ॲसिडिटी झालीय. विमानतळावरही नको म्हणाले. लेकीच्या काळजीनं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. निघताना वाफ घेतली होती, उतरायच्या आधी नाकात थेंब टाकले, झोपले नाही. विमान कलतं झालं, कानात तो हरभरा हलला. ह्यांनी बाटलीचं झाकण काढून ती माझ्या तोंडाशी धरली. एवढंच म्हणाले, "पी."

मी प्यायले. त्या घोटाची चव मला आजही सांगता येणार नाही, इतकी मी घाबरले होते. आत बारीकसं टक्‌ झालं आणि कान मोकळा झाला. पुन्हा दडा बसत आला की पुन्हा घोट. जांभई काढली, जबडा हलवला, नाक चिमटीत धरून अगदी हळू हवा ढकलली. सगळं लक्ष माझ्या कानात होतं. चाकं जमिनीला लागली तेव्हा मला इंजिनाचा आवाज दोन्ही कानांनी ऐकू येत होता आणि मी मोठ्यानं हसले.

"उतरायचं का?" हे इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. मी काहीतरी बोलले, तर त्यांनी कान पुढं केला. तेव्हा मी त्यांच्याकडं नीट बघितलं. ओठ वाळलेले, कपाळावर घाम, आणि तळवा कानावर दाबलेला.

"तुमच्या कानाला दडा बसलाय. पाणी का नाही पिलात?" मला दोनदा विचारावं लागलं.

"तुझा मोडला ना," ते म्हणाले. "मग मी धरला. घरात एकाचा तरी धरलेला पायजे."

मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं, तिन्ही एकदम. बाटली त्यांच्या तोंडाला लावायला गेले, तर म्हणाले उपास उद्या सकाळी सुटतो, मलाही माहीत आहे. त्यांचा कान फुटला नाही, सर्दी नव्हती म्हणून वाचले. पण बंद झाला तो झालाच. टॅक्सीत ते बहिऱ्यासारखे बसून राहिले आणि मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकून बसले. टॅक्सीवाला काय म्हणेल याचा मी विचार केला नाही.

सकाळ

रात्रभर प्राजक्ताजवळ होते. सकाळी तिला आत नेताना तिनं माझ्या कानाची चौकशी केली. मी म्हणाले, माझा झकास आहे, तुझ्या बाबांचा बसलाय. ती स्ट्रेचरवर हसली. आत जाताना तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, याचं मला फार समाधान वाटतं.

थोड्या वेळानं आत्याबाईंचा फोन आला की पूजा उठवली, विलासला सांग, आता सोड. त्यांना कळलं होतं तर. मी ह्यांच्या कानाशी ओरडून निरोप दिला. त्यांनी मान हलवली आणि दाराकडं बोट केलं. पोरगी बाहेर येऊ दे, मग.

आम्ही बाकावर बसून राहिलो. जावई येरझाऱ्या घालत होते. शेवटी दार उघडलं आणि परिचारिका सांगून गेली की मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. जावयांनी धावत जाऊन कँटीनमधून कॉफी आणली. कॉफीला हे पिण्यात धरत नाहीत, पण तो स्टीलचा पेला मी त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले. त्यांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला थबकले आणि कानाला हात लावला.

"सुटला," ते म्हणाले. मग मान वाकडी करून ऐकत राहिले. "कोण रडायलंय गं?"

"आपली नात," मी म्हणाले.

त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि दाराला कान लावून उभे राहिले.